मालक आणि नायिका : बालगंधर्वांच्या नाट्यजीवनातील भूमिकावाटपाचा प्रश्न

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नाटकमंडळ्या फुटल्याच्या घटना वारंवार येतात. त्यांची कारणमीमांसा करताना अभ्यासक सहसा पैशाचा व्यवहार आणि नटांचा मानापमान या दोन गोष्टींवर थांबतात. ही कारणे खोटी नाहीत. मात्र या दोहोंच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाची स्वतंत्र चर्चा क्वचितच झालेली दिसते. तो प्रश्न म्हणजे कोणती भूमिका कोणी करावयाची हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? नाटककाराचा, तालीममास्तरांचा, मालकाचा, की ज्याच्या नावावर थिएटर भरते त्या नटाचा? नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे चरित्र या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. आयुष्याच्या पूर्वार्धात ते दुसऱ्याच्या मंडळीतील नट होते, तर उत्तरार्धात मंडळीचे मालक. एकच प्रश्न त्यांना दोन विरुद्ध बाजूंनी सोडवावा लागला, आणि दुसऱ्या बाजूने तो त्यांना सुटला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्नाची सुरुवात नारायणरावांच्या जन्माआधीची आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हा शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली होती. दोनच वर्षांत बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. त्यांचा आवाज आणि रूप पाहता शकुंतला त्यांच्याकडे जाणे अपरिहार्य होते, आणि ती गेली. पुढे ‘सौभद्रा’तील सुभद्राही भाऊरावांचीच झाली. मुजुमदारांनी व्यवस्थापनाची बाजू उचलली आणि त्या कामात ते मुरले. ‘रंगभूमी’ हे मासिक त्यांनी चालविले, अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले आणि मंडळीचे व्यवस्थापक या नात्याने दीर्घकाळ काम केले. गळ्यापुढे आपली भूमिका सोडावी लागते हा अनुभव ज्याने स्वतः घेतला, तोच माणूस तीस वर्षांनंतर एका नायिकेसमोर मालक म्हणून उभा राहिला. हा योगायोग अभ्यासकांच्या नजरेतून सुटू नये. किर्लोस्कर मंडळीत प्रथमपासून अलिखित नियम असा की, भूमिका गळ्याच्या मागे जाते. अण्णासाहेब हयात होते तोवर हा नियम लागू करणारा अधिकार नाटककाराकडे, म्हणजे त्यांच्याकडेच होता. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि नियम उरला, तो लागू करणारा सर्वमान्य पुरुष उरला नाही.

१९०१ मध्ये भाऊराव गेले. त्यांच्या जागेसाठी मंडळी चार वर्षे चाचपडत होती. १९०५ मध्ये मिरजेच्या मुक्कामात नारायणराव मंडळीत दाखल झाले, यामागे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा पाठिंबा होता. गाणारा मुलगा म्हणून त्यांचे नाव आधीच झालेले होते. ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्य टिळकांनी दिली, अशी परंपरा आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यांच्याकडून शकुंतला बसवून घेतली. देवलांची तालीम कडक असे. शब्दोच्चार, पदन्यास, पदर सावरण्याची रीत, पदाआधीच्या गद्याची फेक या सर्व गोष्टी ते हाताला धरून शिकवीत. सतरा वर्षांच्या नवख्या मुलाला एकदम शकुंतला द्यावी की आधी एखादी लहान नक्कल पाठ करून घ्यावी, असा विचार कोणत्याही जुन्या मंडळीत झाला असता. येथे तो झाला असला तरी टिकला नाही. मंडळीला नायिका हवी होती आणि नायिका मिळाली होती. शकुंतलेपाठोपाठ सुभद्रा, वसंतसेना, शारदा या भूमिका त्यांच्याकडे आल्या. भाऊरावांनंतर विस्कळीत झालेली मंडळीची घडी त्यामुळे पुन्हा बसली.

या काळात मंडळीचा कारभार मुजुमदारांकडे होता आणि नायकाच्या भूमिका नानासाहेब जोगळेकरांकडे होत्या. जोगळेकर हे केवळ नायक नव्हते. रंगपट आणि कचेरी यांच्या मधला तो दुवा होता. ते स्वतः नट असल्यामुळे नटांची गाऱ्हाणी त्यांना कळत, आणि कारभारात त्यांचे वजन असल्यामुळे ती मार्गी लागत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले, तेव्हा जोगळेकरांचा धैर्यधर, नारायणरावांची भामिनी आणि गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर अशी पात्रयोजना होती. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा उल्लेख सामान्यतः कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून केला जातो. तिला दुसरीही बाजू आहे. त्या दिवशी भामिनीची नक्कल घेऊन उभा राहील असा दुसरा नट मंडळीत असता, तर बापाला घरी राहता आले असते. गळ्याच्या मागे गेलेली भूमिका एकाच गळ्यात अडकली होती आणि नव्या नाटकाचा पहिला प्रयोग त्या गळ्यावर उभा होता. मंडळीच्या दृष्टीने ही जोखीम होती. नटाच्या दृष्टीने पाहिले तर हीच त्याची सत्ता होती, जरी त्या दिवशी तिचा उपयोग त्याने स्वतःसाठी केला नाही.

त्याच वर्षी जोगळेकरांचे निधन झाले. धैर्यधर कोणी करावयाचा, हा प्रश्न तातडीचा होता. तो सुटला तो गोविंदराव टेंबे यांच्या रंगभूमीवर येण्याने. टेंबे हे नावाजलेले पेटीवादक आणि ‘मानापमाना’चे स्वरकार होते. तोंडाला रंग लावून उमेदवारी केलेले नट ते नव्हते. पण गाणे जाणणारा धैर्यधर हवा होता, तो त्यांच्या रूपाने मिळाला. या निवडीत किर्लोस्कर मंडळीचा जुना नियम पुन्हा दिसतो. फरक इतकाच की आता तो नायकालाही लागू झाला. याचा परिणाम मात्र मुजुमदारांच्या हिशेबात बसणारा नव्हता. नायिका, नायक आणि विनोदी पुरुषपात्र या तिन्ही प्रमुख जागांवर जी माणसे उभी होती, त्यांच्यापैकी कोणीही कारभाराच्या बाजूचा नव्हता. जोगळेकरांबरोबर रंगपट आणि कचेरी यांच्यातील दुवा संपला होता.

१९१३ मध्ये खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ किर्लोस्कर मंडळीने केले, त्यात देवयानी नारायणरावांची होती. त्यानंतर लवकरच, ५ जुलै १९१३ रोजी, नारायणराव, टेंबे आणि बोडस या तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. फुटीची कारणे सांगताना संबंधितांनी नंतरच्या आठवणींतून आपापली बाजू मांडली आहे. बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि टेंबे यांचे आत्मचरित्र ही दोन्ही पुस्तके या प्रकरणी महत्त्वाची साधने असली, तरी ती पक्षकारांची कैफियत आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावयास हवे. मुजुमदारांच्या बाजूने बोलणारे त्या मानाने थोडे. म्हणून त्यांची बाजू थोडक्यात मांडणे न्यायाचे होईल. मालकाला बिऱ्हाड चालवावयाचे असते. नायिका आजारी पडली तरी भटारखाना थांबत नाही. पडदे, कपडे, रेल्वेचे भाडे, थिएटरचे भाडे, साथीदारांचे आणि पाठीमागच्या माणसांचे पगार हे सारे एका आवाजावर अवलंबून ठेवणे कोणत्याही व्यवस्थापकाला धोक्याचे वाटणार. त्या आवाजाला पर्याय तयार करणे म्हणजे त्याचा अपमान करणे, आणि न करणे म्हणजे त्याच्या स्वाधीन होणे. या पेचातून मुजुमदारांना वाट सापडली नाही. ती सापडण्याजोगी होती, असेही खात्रीने म्हणता येत नाही. कारण पुढच्याच प्रकरणात तोच पेच त्यांच्यापुढे परत आला. नारायणराव गेल्यानंतर किर्लोस्कर मंडळीने कोवळ्या वयाच्या दीनानाथ मंगेशकरांना घेतले, त्यांच्या गळ्यावर मंडळी पुन्हा सावरली, आणि १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले. त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. पाच वर्षांत दोन वेळा नायिका आणि तिच्या सोबतचे प्रमुख नट मिळून निघून जातात, तेव्हा दोष व्यक्तींपेक्षा रचनेत शोधावा लागतो.

गंधर्व मंडळीची रचना या दोषावर उपाय म्हणून झाली, असे म्हणता येईल. तिघेही भागीदार स्वतः रंगभूमीवर उभे राहणारे होते. भूमिका करणारा आणि भूमिका देणारा यांच्यातील भिंत पाडली की भांडणाचे कारणच नाहीसे होईल, अशी अपेक्षा त्यामागे असावी. प्रारंभीची वर्षे तिला पुष्टी देणारी आहेत. देवल आणि खाडिलकर या दोन्ही नाटककारांचा कल नव्या मंडळीकडे राहिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ हे वर्ष तर विलक्षण ठरले. देवलांनी आपल्या जुन्या गद्य ‘फाल्गुनरावा’ला पदे घालून केलेले ‘संशयकल्लोळ’ त्या वर्षी रंगभूमीवर आले, आणि १० डिसेंबरला खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ झाले. देवलांचे निधन त्याच वर्षी, ‘संशयकल्लोळ’च्या प्रयोगापूर्वी झाले होते.

या दोन नाटकांची तुलना आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘संशयकल्लोळ’ हे मुळात फाल्गुनरावाचे नाटक. संशयी नवऱ्याची फजिती हा त्याचा विषय आहे आणि बोडसांच्या फाल्गुनरावाला त्यात पुरेपूर वाव होता. रेवतीचे गाणे त्या चौकटीत येते, चौकट मोडत नाही. ‘स्वयंवरा’ची गोष्ट वेगळी आहे. तेथे रुक्मिणी हेच नाटक आहे. भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींनी त्या भूमिकेला असे वजन आले की इतर पात्रांची कामे तिच्या पदांच्या मधला अवकाश भरण्यासाठी आहेत की काय, असे वाटावे. खाडिलकरांसारखा स्वतंत्र बाण्याचा नाटककारसुद्धा लेखणी उचलताना नायिका कोण करणार हे जाणून होता. म्हणजे पात्रयोजना नाटक लिहून झाल्यावर होत नव्हती. ती लेखनाच्या आधी झालेली होती, आणि नाटककार तिला अनुसरून लिहीत होता. भूमिकावाटपाचा अधिकार नाटककाराकडून निसटल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी सांगता येणार नाही.

‘एकच प्याला’ हे त्याचे आणखी एक रूप. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक त्यांच्यामागे, त्याच वर्षी, गंधर्व मंडळीने केले. सुधाकराच्या अधःपाताची ही शोकांतिका. तिची सारी गुंतागुंत गद्यात आहे. सुधाकराची भूमिका बोडसांनी केली आणि ती गाजली. सिंधू नारायणरावांची होती. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. सुधाकर बोलत राहिला आणि सिंधू गात राहिली. प्रेक्षकांपैकी अनेकांनी घरी नेली ती सिंधू. पतिव्रतेच्या त्या प्रतिमेने मराठी मध्यमवर्गाच्या मनावर इतका खोल ठसा उमटविला की नाटकाचे नाव सुधाकराच्या पेल्यावरून असूनही त्याची आठवण सिंधूच्या गाण्यांनी होऊ लागली. येथे बोडसांवर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. त्यांची भूमिका कोणी हिरावून घेतली नव्हती. पण संगीत रंगभूमीवर भूमिका कागदावर मिळणे आणि रात्री प्रेक्षकांसमोर तिला वेळ मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वन्समोअर’ हे त्या काळचे खरे भूमिकावाटप होते. पद पुन्हा पुन्हा घेतले जाई, प्रयोग पहाटेपर्यंत लांबे, आणि समोर उभ्या असलेल्या नटाला स्वगत संपण्याची नव्हे, तर दुसऱ्याचा ख्याल संपण्याची वाट पाहावी लागे. तालमीत ठरलेले प्रमाण रोज रात्री प्रेक्षक बदलीत, आणि त्या बदलाला आवर घालण्याचा अधिकार ज्या मालकाकडे होता तोच त्या वेळी गात असे.

टेंबे काही वर्षांतच बाहेर पडले आणि पुढे त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. त्यानंतर बोडसही भागीदारीतून मोकळे झाले. दोघांच्या जाण्याची तात्कालिक कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांत आर्थिक व्यवहाराचा भाग मोठा आहे. तरीही भागीदारीतील समानता ही कागदावरची समानता होती, ही गोष्ट नाकारता येत नाही. भांडवल तिघांचे असले तरी मंडळीला नाव एकाचे होते. नारायणराव एकटे मालक झाले तेव्हा, पुढे येणाऱ्या प्रत्येक नायकाला भागीदार म्हणून नव्हे तर नायिकेच्या पदरी असलेला नट म्हणून उभे राहावयाचे होते. विनायकबुवा पटवर्धनांसारखा तयारीचा गायक १९२०च्या दशकात या जागेवर आला. १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांचे पुढचे आयुष्य संगीतशिक्षणात गेले. मास्टर कृष्णराव यांनी मंडळीत दीर्घकाळ काम केले. भास्करबुवांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९२२ नंतर, चालींची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि त्यांची स्वरकार म्हणून झालेली कीर्ती नट म्हणून झालेल्या कीर्तीहून मोठी आहे.

या सगळ्यात ८ जुलै १९२१ ची रात्र अपवादात्मक आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श यांनी मिळून ‘मानापमाना’चा प्रयोग केला. केशवरावांनी ललितकलादर्श १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस स्थापिली होती, आणि तेही मुळात स्त्रीपार्टी नट. स्वतःच्या मंडळीत ते पुढे पुरुषभूमिकांकडे वळले. म्हणूनच दोन नायिका आणि एक भामिनी हा पेच त्या रात्री पडला नाही. केशवरावांचा धैर्यधर आणि नारायणरावांची भामिनी अशी योजना झाली. संयुक्त ‘मानापमाना’विषयी लिहिताना दोन गळ्यांच्या चढाओढीचे वर्णन रंगवून केले जाते. त्या वर्णनांत एक मुद्दा हरवतो. नारायणरावांच्या मालकीच्या काळात त्यांच्यासमोर असा नायक उभा राहण्याचे प्रसंग विरळ, ज्याला त्यांनी भूमिका दिलेली नव्हती, ज्याचा पगार त्यांच्या हाती नव्हता आणि ज्याची पदे लांबली तर त्यांना थांबावे लागले असते. प्रयोग रंगला याचे कारण केवळ गाण्यात शोधू नये. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले आणि ही शक्यता तेथेच संपली.

१९२०च्या ‘द्रौपदी’साठी मंडळीने नेपथ्यावर अतोनात खर्च केला. मालक नट असला की तिजोरीला कुलूप राहत नाही, असे जुनी माणसे म्हणत. त्यात तथ्य होते, कारण नारायणरावांना भरजरी शालू, अत्तरे, खऱ्या वस्तू यांशिवाय रंगभूमी कल्पिता येत नसे. कर्ज वाढले आणि मंडळीची आर्थिक सूत्रे काही काळ सावकाराच्या हाती गेली. दिवाळे जाहीर करण्याची वाट त्यांनी घेतली नाही. प्रयोगांच्या उत्पन्नातून देणे फेडले. त्यांच्या स्वभावातील हा मोठेपणा निर्विवाद आहे. मात्र कर्जफेडीच्या याच वर्षांनी भूमिकावाटपाचा प्रश्न कायमचा गोठवून टाकला. सावकाराला बालगंधर्वांची नायिका हवी होती, कारण तिच्यावरच बुकिंग होते. नव्या मुलाला भामिनी किंवा रुक्मिणी देऊन पाहणे म्हणजे त्या दिवसाच्या उत्पन्नावर पाणी सोडणे. म्हणून तरुण स्त्रीपार्टी नट मंडळीत येत, दासी आणि सख्या करीत आणि निघून जात. मुजुमदारांनी पर्याय तयार केला नाही तो नायिका रुसेल म्हणून. नारायणरावांना तो करता आला नाही, कारण नायिका तेच होते.

‘कान्होपात्रा’ १९३१ मध्ये आले, तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. आवाजाची मोहिनी ओसरली नव्हती. देह बदलला होता. बाहेर रंगभूमीही बदलत होती. हिराबाई बडोदेकर आपल्या नाट्यसंस्थेतून स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या होत्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केली, त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि पदांना मर्यादित जागा ठेवली. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या त्याआधीही होत्या, पण प्रतिष्ठित पांढरपेशा प्रेक्षकांनी ही गोष्ट इतक्या सहजपणे स्वीकारल्याचे त्या प्रयोगात दिसले. गंधर्व मंडळी १९३४च्या अखेरीस थांबली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात नारायणरावांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषभूमिका, तीही वय आणि देह यांना शोभणारी, आणि निवड करणारे दिग्दर्शक व्ही. शांताराम. भूमिका देणारा दुसरा कोणी असण्याचा अनुभव त्यांना बावीस वर्षांनी पुन्हा आला. तो त्यांना मानवला नाही. प्रभातशी ठरलेला पुढील चित्रपटांचा बेत तेथेच राहिला आणि ते परत रंगभूमीकडे वळले.

परत आल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला तो या चरित्रातील सर्वांत धाडसाचा आहे, आणि त्याची नोंद मात्र बहुधा कुत्सितपणे होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या नारायणरावांच्या गायकीचा ध्यास घेतलेल्या गायिका होत्या आणि त्यांच्याच ढंगाने गात. नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे गेल्या आणि नारायणराव पुरुषभूमिकांत उभे राहू लागले. मंडळीत खळबळ उडाली. जुने सहकारी दुरावले. बाईंचा धर्म, त्यांचे मालकाशी असलेले संबंध, घरच्या माणसांचे दुखावणे यांची चर्चा इतकी झाली की नाट्यविषयक मुद्दा तिच्याखाली दडपला गेला. तो असा की, भूमिका गळ्याच्या मागे जाते हा १८८२ पासूनचा नियम नारायणरावांनी येथे स्वतःविरुद्ध लागू केला. एवढेच नव्हे, तो एका स्त्रीच्या बाजूने लागू केला. प्रेक्षकांनी तो मानला नाही. त्यांना रुक्मिणी हवी होती ती नारायणरावांचीच, आणि धैर्यधराच्या वेषातील बालगंधर्व पाहण्यास पैसे देणारे थोडे होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांना पुन्हा लुगडे नेसून उभे राहावे लागले, ते काही अंशी या नकारामुळे.

पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या होत्या. गोहरबाईंशी विवाह १९५१ मध्ये झाला. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांचे निधन झाले. त्यांच्यावरील लेखनात भूमिकांची नामावळी शकुंतलेपासून सुरू होते आणि बहुधा कान्होपात्रेच्या आसपास थांबते. गोहरबाईंच्या समोर त्यांनी केलेल्या पुरुषभूमिका तीत आल्या तरी शेवटी, एका ओळीत येतात. त्या प्रयोगांच्या जाहिराती, हँडबिले आणि वृत्तपत्रांतील अभिप्राय एकत्र करण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.